दाजींचं अंजीर

मंगळवार, ४ मार्च
आजही सुटका नाही! मनगट धुवायचं नाही, उन्हात जायचं नाही, कांदा-लसूण बंद. दाजींनी मागच्या खोलीत बनवलेलं अंजिराचं अत्तर माझ्या कातडीवर कसं उलगडतं ते दर तासाला लिहायचं. ताईच्या अंगावर म्हणे ते आंबतं. चार दिवसांसाठी आलो होतो— "आलं बाई उंबराचं फूल!" म्हणाली होती ताई. पाच आठवडे झाले.

नऊ वाजता— पान मोडल्यावर येतो तसा हिरवा, चिकाचा वास. दहा— दूध, कोवळं खोबरं. अकरा— समोर गवंडी एकच वीट तीनदा काढून लावत होता, बघत बसलो, अकराचं राहिलं. दुपारी सुकं लाकूड. संध्याकाळी नुसता मी.

बुधवार, ५
तेच.

गुरुवार, ६
ट्रकवाल्या दोस्ताचा निरोप— शनिवारी सकाळी निघतोय, बंदरापर्यंत जागा आहे! दाजींना विचारलं. "हे जमलं की जा." कधी जमणार? "तू सांगशील तेव्हा." मी म्हटलं, जमलं! तर हसले. "मेहुणे, एवढी घाई?"
ताई म्हणते, "त्यांचा जीव अडकलाय रे यात." आणि माझा टांगणीला लागलाय त्याचं काय?
मग ठरवलं, बिघडवायचंच. लसणाच्या सहा पाकळ्या, कच्च्या! डोळ्यांतून पाणी. ताई नाक दाबून पळाली— "शी! अंगाला येतोय!" दाजींनी मनगटाला नाक लावलं. "सुरेख."
कप्पाळ माझं.

शुक्रवार, ७
आज बाटली उघडलीच नाही. मनगटाला नळाचं पाणी चोळलं. सांगणार होतो— दाजी, माझ्या अंगावर आता टिकतच नाही, सोडा मला. पिशवीसुद्धा भरली होती.
तोंड उघडायच्या आत त्यांनी हात धरला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. "वा! हिरवं पान. आज कसं ताजं आलंय!" मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. "हो ना?"
मी "हो" म्हणालो.

शनिवार, ८
ट्रकवाल्यानं तीनदा भोंगा दिला. खिडकीतून हात हलवला— जा तू. दाजींना वासच येत नाही. ताई चहा देताना म्हणाली, "यांच्या नाकाला तोड नाही बघ." मी वही उघडली, लिहिलं— नऊ वाजता, हिरवं पान.