मालकाचं खाकरणं

सेनगाव, १४ डिसेंबर १९९८

आज पुसेगावला सखारामबाबांना माझी कथा वाचून दाखवली. बाबांनी पंचवीस वर्षं एकाच मालकाकडे सालगडी म्हणून काढली. माझ्या कथेतला गडी मार खातो, रडतो, शेवटी पळून जातो. वाचता वाचता मधेच घसा खवखवला म्हणून मी खाकरलो. बाबा ताडकन उठले. "आलो जी!" मान खाली, हात बांधलेले.

"बाबा, काय झालं?"

"मालक हाक न्हाई मारायचे, गुरुजी. निस्तं खाकरायचे."

मालक मरून दहा वर्षं झाली! आणि हे खाकरणं माझ्या कथेत कुठंच नाही. मग मी लिहिलं तरी काय?

बाबा उभेच. मला विचारतात, "बसू का जी?"

घसा अजून खवखवतोय. खाकरायची हिंमत होत नाही.