लहान इंजिन की मोठं

बुकित बातोक, सिंगापूर
७ सप्टेंबर २०१४

ती. उल्हासकाका,

अकराव्या मजल्यावरून साष्टांग नमस्कार (फ्लॅट लहान, त्यामुळे पाय पॅसेजमध्ये गेले आहेत). गुडघे काय म्हणतात? नीता मजेत आहे, अनुया हट्टीपणात तुमच्यावर गेली आहे. मागच्या रविवारी फोन झाला, तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही हल्ली सगळ्यालाच 'हो' म्हणता. गाडी लहान इंजिनाची घेऊ की मोठ्या, असं विचारलं, त्यावरही 'हो, हो, जेवलास ना?' चाळीस वर्षं चिंचवडला गॅरेज चालवलेल्या माणसाचं एवढंच उत्तर मला पुरलं नाही.

म्हणून लेखी विचारतो. इथे गाडीआधी सरकारी परवाना घ्यावा लागतो, तोही दहा वर्षांपुरता. सोळाशे सीसीपर्यंत एक वर्ग, त्यावर दुसरा. नीता म्हणते लहान घ्या, एवढ्याशा बेटावर मोठं इंजिन पळवून समुद्रात जायचंय का. मला मोठं हवंय, कारण चढावर मोठं इंजिन कुरकुरत नाही हे तुम्हीच शिकवलंत (इथे चढ नाहीत, हा मुद्दा तिने काढला आहेच).

शेवटी काल इथल्याच एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेलो. बरोबर तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर होता, इकडे येताना तुम्ही दिलेला, ज्याच्यासाठी नीताने लोणच्याची बरणी बॅगेतून बाहेर काढली होती. सेल्समनने बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. मी तुमच्यासारखं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा चार गिऱ्हाइकं भोवती जमली होती. सेल्समन घाबरून म्हणाला, "अंकल, एसी व्हेरी कोल्ड, लिसन फॉर व्हॉट?" अनुया पलीकडच्या गाडीमागून पुटपुटली, "बाबा, सो पाइसे लाह." म्हणजे, लाज आणलीत. दोन्ही इंजिनं ऐकली. मला दोन्ही सारखीच वाटली. तुम्ही शेजारी असतात तर 'तिसरा व्हॉल्व्ह बघ' म्हणाला असतात, आणि मला तिथे, चार अनोळखी माणसांत, तुमची फार आठवण आली.

नीताचा नमस्कार, अनुयाचा गोड पापा.

तुमचा,
चारुदत्त

ता. क. गाडी घेत नाही. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, घरापासून पाच मिनिटांवर आहे.

आणखी ता. क. काका, गॅरेज गुडघ्यांमुळे बंद केलंत असं सगळ्यांना सांगितलंत. मीही मानलं. पण रविवारच्या त्या 'हो'नंतर नीता म्हणाली, त्यांना ऐकू येत नाहीये. इंजिन ऐकू येईना म्हणून शटर ओढलंत ना? मला सांगायचं होतंत. दिवाळीला या, तिकीट पाठवतो. इथल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तेही चिमट्यासारखा नादकाटा वाजवून कानामागच्या हाडाला लावतात, म्हणजे तुमच्याच घराण्यातले. ते तपासतील, मग ठरवू. पण मशीन दोन तऱ्हांचं मिळतं म्हणे: लहान, कानात बसणारं, आणि मोठं, कानामागे राहणारं. कोणतं हवं ते कळवा. या वेळी 'हो' चालणार नाही.