कानबाईची पोपटी साडी

दिपमालाताई,

दोंडाईच्याहून तुमच्या रूपावहिनीचा नमस्कार.

सिनेमात तुम्ही हिरॉईनची मैत्रीण झालात, पण इथल्या बायकांनी हिरॉईनला बाजूला सारून तुमचीच पोपटी साडी उचलली. दुकानात नुसतं 'दिपमाला साडी' म्हटलं की पुरतं. आईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही सिनेमात गेल्यापासून त्या घरात तुमचं नाव काढू देत नाहीत, मग सिनेमा कोण दाखवणार?

यंदा आपल्याकडे कानबाई बसली. देवीची साडी आई स्वतःच निवडतात. दुकानात साड्यांचा ढीग पडला आणि त्यांनी नेमकी तीच पोपटी उचलली. दुकानदार नवलभाऊ माझ्याकडे बघत होते आणि मी छताकडे.

देवी बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला निरोप द्यायला मिरवणूक निघाली, तर निम्मी गल्ली त्याच साडीत फुगड्या खेळत होती. शेजारची सुनिता आईंना बोलून गेली, "भागाआजी, कानबाईलाही दिपमाला साडी?"

मी सुनिताला कोपरानं ढोसलं. आईंनी देवीकडे नीट पाहिलं, तिचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मंग? मन्ही पोरनी साडी शे ती. रूपा, माले बी आशीच लई ये."

हे पत्र आता टाकत नाही. आई तशीच नवी पोपटी साडी नेसून, केस विंचरून खुर्चीत बसल्या आहेत. म्हणतात, तिला व्हिडिओ कॉल लाव.

फोन हातात धरून उभी असलेली,
तुमची रूपावहिनी