आईच्या खोलीची लाइन

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा खुबा कसा आहे? जिना एवढ्यात चढू नकोस. काठी कोपऱ्यात उभी करून भिंतीला धरून चालतेस, तेही बंद कर. भाऊजींनी चुगली केली आहे. आम्ही आपापल्या जागी आहोत. हिचं शाळेतलं ग्रंथालय, माझं चष्म्याचं दुकान. आई आहे.

पत्र पाहून दचकली असशील. आपल्यात दर रविवारी फोन. तू विचारायचं, "आईची पाठ कशी आहे?" आणि मी म्हणायचं, "छान." मग हवापाणी. आज मात्र जे सांगायचं आहे ते ओळीने वाच. शेवटाकडे उडी मारू नकोस.

आधी घराचं सांगतो, कारण मला या घराची शिसारी आली आहे. गेल्या पाच महिन्यांत आम्ही घर सुधारलं. छपरावर बारा सोलर पॅनल बसले. पॅनलखालच्या सावलीत कबुतरांनी लगेच संसार थाटले. आता मागच्या भिंतीवर पांढरे-हिरवे ओघळ आहेत आणि उन्हं तापली की स्वयंपाकघरात कुबट वास उतरतो. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटरी. ते कपाटाएवढं धूड रात्रंदिवस घुमतं, जणू कुणी दात-ओठ खात बसलंय.

आणि टब. हवा भरून फुगवायचा, गरम पाण्याचा, बुडबुड्यांचा टब. साडूच्या गच्चीवर पाहिला आणि माझ्या डोक्यात भूत शिरलं. तुला मी फोनवर सांगितलं होतं, आईचे आखडलेले सांधे मोकळे होतील म्हणून. ताई, आई त्या पाण्यात एकदाही उतरलेली नाही. तिला गच्चीवर नेणार कोण होतं? चौघं लागली असती.

पहिला आठवडा मजेचा. मग पाण्यावर तवंग धरायला लागला. माणसं कितीही स्वच्छ असोत, गरम पाण्यात बसली की अंगातून काय काय सुटतं ते मी पाहिलं आहे. कडेला राखाडी ओशट रेघ. गाळणी उघडली की केसांचा बुळबुळीत गुंता, बोटांत धरला की हलल्यासारखा वाटायचा. त्यात औषध टाकायचं, त्याचा वास नाकात बसायचा. साडू तरी त्यात म्हशीसारखा डुंबायचा, आणि मी शेजारी बसून आपण केवढे सुखी, असं स्वतःला समजावायचो.

हे सगळं मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय. कळतंय मला.

एप्रिलमध्ये तू पडलीस आणि नऊ वर्षं तुझ्याकडे असलेली आई माझ्याकडे आली. तू दवाखान्यातल्या पलंगावरून कागद लिहून दिलास. दर दोन तासांनी कूस. हवेची गादी चोवीस तास सुरू. वीज गेली तर गादी बसते, तेव्हा जवळ थांबायचं. सोलर घ्यायचं ठरलं ते त्या कागदामुळे. ते कारण खरं होतं, एवढं तरी मान.

जोडणी करायला जो सोलरवाला आला तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आधी त्याने आईची खोली पाहिली. गादीचा पंप हातात घेऊन त्यावरचे आकडे वाचले. मग म्हणाला, वीज गेल्यावर बॅटरी फक्त या खोलीला देतो. गादी, पंखा आणि एक दिवा, दीड दिवस सहज निघेल. टब आल्यावर मी त्याला परत बोलावलं. वीज गेली तरी गच्चीवर दिवे हवेत म्हणालो. त्याने नाखुशीनेच एक लिव्हर बसवला. लिव्हर वर असला की बॅटरी फक्त आईची, खाली केला की गच्चीही त्यावर. त्याने बजावून सांगितलं की दिव्यांपुरतंच. टबाचा हीटर लावलात तर दोन तासांत बॅटरी आडवी होईल. आणि लिव्हरखाली पट्टी चिकटवून शाईने लिहिलं, "खाली करू नये. आईंची गादी."

रविवार होता, सात सप्टेंबर. ही तिच्या बहिणीकडे गेली होती, म्हणून साडू दोन मित्रांना घेऊन इकडे आला. दिवसभर आईला सांभाळणाऱ्या मावशींची रविवारी सुट्टी. म्हणजे आई माझ्याकडे. सकाळी दहाला तिची कूस बदलली, दूध पाजलं. अकराला वीज गेली. आभाळ भरलेलं, पॅनल नावालाच. मी फोनवर घरची बॅटरी पाहिली, जवळजवळ पूर्ण भरलेली. वरून साडूची हाक आली की पाणी निवायला लागलंय.

लिव्हर आईच्या खोलीच्या दारासमोर आहे. तिच्या पलंगावरून दिसतो. मी तो खाली केला तेव्हा ती जागी होती.

दीडच्या सुमारास बुडबुडे थांबले. साडू म्हणाला, पाणी अजून गरम आहे, बसा. आम्ही बसलो. चार वाजता ते तिघे गेले आणि मी खाली आलो. गादी चपटी झाली होती. आई लोखंडी पट्ट्यांवर, फक्त दोन पदर प्लास्टिक मध्ये, भिजलेल्या आणि भरलेल्या कपड्यांत, उताणी. ती रडत नव्हती. छताकडे बघत होती. मी तिला पुसलं, बदललं, कुशीवर केलं. लिव्हर वर केला. सहाला वीज आली, गादी फुगली, सातला ही आली. ही म्हणाली, "आज खोली किती स्वच्छ ठेवली आहेत तुम्ही." मी हूं म्हटलं.

मंगळवारी मावशींना माकडहाडावर जांभळा डाग दिसला. आठ दिवसांत तो काळा पडून फुटला. ताई, आता तिथे खड्डा आहे. माझा अंगठा पेरापर्यंत आत जाईल एवढा. त्याला येणारा वास कसा ते लिहिणार नाही, पण तो वास येतो तेव्हा मला कबुतरं आणि टब दोन्ही स्वच्छ वाटतात. सर्जन म्हणतात, या महिन्यात आत साफ करावं लागेल, भूल द्यावी लागेल, आणि या वयात भूल म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. हे सगळं घडत होतं तेव्हा मी तुला पाच रविवार "छान" म्हणालो.

घरात सगळे विचारायला लागले की गादी चालू असताना हे झालंच कसं. मी सोलरवाल्यावर खापर फोडलं. त्याच्या कंपनीला पत्र लिहिलं, जोडणी चुकवली, बॅटरी गच्चीकडे वळली, वृद्ध आईला इजा झाली. मराठी माझं बरं आहे. पत्र झकास उतरलं. कंपनीने त्याला कामावरून थांबवलं.

चौथ्या दिवशी तो घरी आला. मीटर लावून सगळी जोडणी तपासली, मग आईच्या दारात उभा राहिला. मला म्हणाला, "साहेब, आईंसमोर सांगा. लिव्हर कुणी खाली केला होता?"

मी म्हणालो, "लिव्हरला कुणी हात लावला नाही. तुमचं कामच कच्चं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं, तिच्या पायांना लांबूनच हात जोडले आणि गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. मग वाटीत सूप घेऊन आईजवळ बसलो. तिने मान फिरवली. मला वाटलं भूक नसेल. तासाभराने हिने तीच वाटी नेली, आई प्यायली. तेव्हापासून ती माझ्या हातचं खात नाही. मावशींचं खाते, हिचं खाते, शेजारणीचंही खाल्लं. माझा चमचा ओठांजवळ आला की तोंड मिटून भिंतीकडे वळते. तिला राग येतो तेव्हा कपाळावर आठी पडते, ते आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ही आठी नाही. नाक किंचित आक्रसतं. तिला माझी किळस येते.

आणि ती बरोबर आहे. कारण मी तुला वर लिहिलं त्यातही एक चोरी केली आहे. "बुडबुडे थांबले, आम्ही बसलो." एवढंच नव्हतं ते. बुडबुडे थांबले त्या क्षणी मला गादी आठवली. स्पष्ट आठवली. उठायला टबाच्या कडेवर हातही ठेवला. मग वाटलं, आता खाली गेलो तर तिचं सगळं काढावं लागेल. बाराच्या सुमारास तिला होतं, रोजचंच. तोवर झालेलं असणार. मला ते नको होतं. एप्रिलपासून रविवार मला नकोसा झाला होता. मी हातमोजे दोन-दोन घालायचो, तोंडाने श्वास घ्यायचो, तिच्या तोंडाकडे बघायचो नाही. नऊ वर्षं तू हे कसं केलंस, याचा विचार करायचो आणि तुझाही राग यायचा. तर त्या दुपारी मी कडेवरचा हात परत पाण्यात घातला. परक्या पुरुषांचा मळ तरंगत होता त्या पाण्यात मी अडीच तास आरामात बसलो, कारण आईचा मळ मला सहन होत नव्हता.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हिलाही नाही.

गेल्या बुधवारी मावशी आजारी पडल्या आणि जखम बांधायची वेळ माझ्यावर आली. पहिल्या दिवशी मी मोरीत जाऊन ओकलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ओकलो नाही. पट्टी काढताना तिची पाठ थरथरते, आणि ती थरथर माझ्या तळहातात येते; तिच्यापुढे वास काहीच नाही. मावशी परत आल्या आहेत, पण पट्टी मीच बदलतो. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही. जिथे जायला हवं होतं तिथे महिनाभर उशिरा पोचलो, एवढंच.

शनिवारी कंपनीत गेलो. माझं पत्र खोटं होतं, लिव्हर मीच फिरवला, पट्टीवरचं वाचून फिरवला, असं लिहून दिलं आणि सही केली. तिथल्या बाईने दोनदा वाचलं आणि मला बसा म्हणाली नाही. सोलरवाल्याला परत घेतील बहुतेक; नक्की काही बोलली नाही. तिथून त्याच्या घरी. तो दारातच उभा राहिला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मागे घरातून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं, त्याला तो "कुणी नाही" म्हणाला. मग मला विचारलं, "आईंची जखम भरतेय का?" मी नाही म्हणालो. त्याने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

त्या संध्याकाळी हिला सांगितलं. टबाचा भागसुद्धा. तिने आपलं अंथरूण आईच्या खोलीत हलवलं. अजून तिथेच आहे.

काल दुपारी पट्टी झाल्यावर मी आईच्या तोंडासमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "आई, लिव्हर मी खाली केला. तुला दिसलं होतं. आणि गादी बसली तेही मला वर कळलं होतं. तुझी घाण काढायला नको म्हणून आलो नाही." तुला माहीत आहे, पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिच्याकडे तीनच शब्द उरलेत. हो, नको, आणि ताई. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटत होतं की ती रडेल, किंवा मी रडेन, आणि मग जरा बरं वाटेल. तसं काही झालं नाही. बऱ्याच वेळाने तिने ओठ हलवले आणि म्हणाली, "ताई."

तू हवी आहेस म्हणाली, की तुला सांग म्हणाली, हे मला कळलं नाही. मी विचारलं, "ताईला सांगू?" ती म्हणाली, "हो." मी विचारलं, "ताईला बोलावू?" ती म्हणाली, "हो." मग मी सूप आणलं. तिने मान फिरवली.

तर हे सांगितलं. आता बोलावतो. तुझ्या खुब्याला प्रवास झेपणार नाही, हे मला कळतं; भाऊजी मला शिव्या घालतील, त्याही बरोबर असतील. गाडीत मागची सीट पूर्ण आडवी करून मी स्वतः न्यायला येतो. सर्जनांनी तेवीस तारीख दिली आहे. त्याआधी तिने तुझ्या हातचं खावं. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तू इथे येऊन माझ्याशी एक शब्दही बोलली नाहीस तरी चालेल, तुझी खोली आईच्या शेजारचीच आहे.

पत्र कुरियरने उद्याच मिळेल; मिळाल्यावर फोन करू नकोस. फोनवर तू विचारशील आणि माझ्या तोंडून पुन्हा "छान" निघेल. गुरुवारी सकाळी मी दारात उभा असेन.

ज्याच्या हाती तू आई सोपवलीस, तो
धाकटा