फरशी चकाकली, आता ये

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. हा नुसता पत्राच्या रीतीचा नमस्कार नाही; काल दिवसभर मी खरोखरच फरशीवर आडवा होतो आणि कंबर अजून त्याच नमस्कारात अडकली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? (माझी कंबर सोडून आणि तुझे गुडघे सोडून आपण दोघं मिळून एक धडधाकट माणूस सहज होऊ.)

गेल्या खेपेला जाता जाता तू तुझ्या भावजयीला म्हणालीस, "फरशीची पार रया गेली गं." तू बोलून मोकळी झालीस, पण इकडे माझी पंचाईत झाली. तिने जाहीर केलं की नवी फरशी बसवल्याशिवाय वन्संना बोलवायचं नाही. मी म्हणालो, ताई काय फरशी बघायला येते? त्यावर ती जी गप्प झाली ती झालीच. मीठ हवं असलं तरी मी भिंतीकडे बघून मागायचं आणि तिने भिंतीकडे बघून द्यायचं. पण तू नसलीस की घर खायला उठतं, ताई, हे मी कबूल करतो. तू आलीस की आम्ही दोघंही माणसांत येतो. म्हणून शेवटी रंगाच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, फोडाफोड कशाला, जुना मळ घासून काढा, फरशी पुरती वाळू द्या आणि हे कोटिंग हलक्या हाताने लावा. लावताना मागे मागे सरकत दाराबाहेर पडा, नाहीतर अडकाल. (मला काय दुधखुळा समजला?) दोन डबे घेऊन आलो. घासायचं काम आम्ही दोघांनी केलं, अर्थात तोंडातून चकार शब्द न काढता. फरशी वाळल्यावर मी पुढच्या दारापासून सुरुवात केली. मागे सरकत सरकत मागच्या दाराने बाहेर पडायचं, असा माझा बेत. स्वयंपाकघरातून खुडबुड ऐकू येत होती, पण मला वाटलं भांडी आपटते आहे. (अबोल्यात आमच्याकडे भांडीच बोलतात.) दुसरा डबा जागेवर नाही, हेही मला खटकलं नाही. ती मागच्या दारापासून निघाली होती, पुढच्या दाराने बाहेर पडायला! एका शब्दाने विचारलं असतं तर कळलं असतं, पण आधी विचारणार कोण?

मधल्या दारात पाठीवर पाठ आदळली. दोन्हीकडे ओलं कोटिंग आणि मधे उशीएवढी कोरडी जागा. खाली बसायची सोय नाही, रुसून निघून जायची तर नाहीच नाही. तोल जायला लागला तशी तिने माझी बाही धरली, मी तिचा खांदा धरला, आणि आधी ती हसली. (ती म्हणेल, मी हसलो.) मग जे हसू फुटलं ते आवरेना. कोटिंग वाळेपर्यंत आम्ही इतकं बोललो, की साठलेलं सगळं संपून नवीन भांडणही काढून झालं. आणि फरशी म्हणशील तर लखलखीत! माझं टक्कलसुद्धा तीत स्वच्छ दिसतं. आता ये, आणि चांगली राहायला ये.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम विसरलोच. आलीस की चहाच्या आधी फरशी बघून "अगंबाई!" म्हण. मोठ्याने म्हण, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हण. बाकी मी बघून घेतो. हे पत्र टपालात टाकायला तिच्याकडेच देतोय. दुसऱ्याची पत्रं ती वाचत नाही.

ता. क. वन्सं, दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाहीच, पण हे उघडंच हातात दिलं. तुमच्या बोलण्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. "अगंबाई" मात्र म्हणू नका, मला हसू येईल. स्वयंपाकघरापलीकडची तुमची खोली आणि तिथून न्हाणीघरापर्यंतची वाट मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. कोटिंगवर पाय सरकतो, आणि तुमचे गुडघे असे. तिथे काही चकाकत नाही, पण तुम्ही पडणार नाही. या.