चोवीस नव्हे, सहा

५ जून

ती. ताईस सा. न.

माझ्या पुस्तकातल्या एका प्रकरणाची प्रुफं सोबत आहेत. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच. विषय एन्ट्रॉपी, पण नावाला घाबरू नकोस. चार खणांची डबी, प्रत्येक खणात एक बटण, दोन पांढरी, दोन काळी. डबी हलवली की रंग मिसळतात, कारण मिसळलेल्या मांडण्या जास्त, निवडलेल्या कमी. जितक्या मांडण्या जास्त, तितकी एन्ट्रॉपी जास्त. काही खटकलं तर लगेच कळव, पंधराला छपाई आहे.

माया आहेच, ती राहू दे.
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस अ. आ.

वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी तू बटणांचा अख्खा खण सांडलास, निवडत मी बसले. मिसळायच्या तऱ्हा हजार, निवडायची एकच, हे तेव्हा कोण म्हणालं होतं गं? आणि पुस्तकात काय, तर ‘लेखिकेला सुचलेले उदाहरण’. वा! तू कॉलेजात गेलीस, मी दुकानात बसले, ते सोसलं. हे नाही सोसवत.

आता ऐक. पान एक्केचाळीसवर तू एकूण मांडण्या चोवीस लिहिल्यास. दोन पांढऱ्या बटणांची आपसात अदलाबदल केली तर गिऱ्हाइकाला कळतं का? मग ती नवी मांडणी कशी? मी बटणं लावून मोजल्या, सहाच होतात. हे मला आठ तारखेलाच दिसलं होतं. मुद्दाम गप्प बसले. होऊ दे फजिती, म्हटलं. आज राहवलं नाही, पण पत्र पोचेपर्यंत छपाई झालेली असेल, तेही ठाऊक आहे.

चिडलीस तरी तोडू नकोस.
ताई

१८ जून

ती. ताईस सा. न.

पत्र काल मिळालं. हजार प्रती छापून झाल्यात, हजारच्या हजारांत चोवीस! आधी तुझ्या नावाने बोटं मोडली, मग रडले. आता प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवतेय: ‘पान ४१. चोवीस नव्हे, सहा. हे उदाहरण माझ्या ताईचे. ती बटणांचे दुकान चालवते. चूकही तिनेच पकडली.’

जळायचा मक्ता काय तुझा एकटीचा? मी पदव्या घेऊन आले, तरी बाबा शेवटपर्यंत प्रत्येक गोष्ट तुलाच विचारायचे. उदाहरण तुझं आहे हे लिहिताना मला पक्कं आठवत होतं. तुझं नाव घालायला हात धजला नाही.

आणि खरं सांगू? तुझं पत्र वेळेवर आलं असतं, तर मी मुकाट्याने चोवीसचे सहा केले असते आणि तुझं नाव कुठेच आलं नसतं.

जमेल तेवढा लोभ ठेव.
धाकटी