डांगराला मिशा

३१ ऑक्टोबर, दिवेलागणीनंतर

उद्या मुलगा-सून पुण्याला परत जाणार. दिवाळीपासून इथे आहेत, पण दोन वर्षांची नात माझ्याजवळ काही आली नाही. मला पाहिलं की आईच्या ओढणीत तोंड लपवते. "पोरगी तुमन्या मिशास्ले भ्यास," आमची ही रोज हसते. चाळीस वर्षांच्या मिशा. काढून टाकाव्यात का? सकाळी वस्तरा हातात घेतला, परत ठेवला.

आज सुनेने परसातलं लाल डांगर, तिच्या भाषेत भोपळा, तोडून आणलं. म्हणे हॅलोविन, याचं भूत करायचं. पण आमच्याकडे आख्ख्या डांगराला बाई पहिला सुरा लावत नाही. तिने हाक मारली, "आबा, पहिला सुरा तुमचा!" मग डोळे, दात सगळं मीच कोरलं. आत दिवाळीची उरलेली पणती ठेवली. आणि काय सुचलं कोण जाणे, मक्याच्या कणसाचे केस कणकेने चिकटवून त्याला मिशाही लावल्या.

पोरीने आधी भुताच्या मिशा ओढल्या. मग माझ्याकडे बघत राहिली. मी हललोसुद्धा नाही. हळूच मांडीवर चढली, माझी मिशी ओढली आणि म्हणाली, "भूत आबा!"

मिशी अजून दुखतेय. दुखू दे.